रेणूचा आकार ओळखायचा कसा?

पाण्याच्या रेणूत तीन अणू असतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतही तीनच. दोन्हीकडे मधे एक अणू आणि त्याला जोडलेले दोन सारखे अणू. तरीही कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो आणि पाण्याचा मधोमध वाकलेला. नुसतं सूत्र बघून हा फरक कळत नाही.

आणि फरक लहानसहान नाही. पाण्याचा रेणू वाकलेला असल्यामुळे त्याच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन प्रभार राहतो. मीठ पाण्यात इतक्या सहज विरघळतं ते त्यामुळे. मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम होते तीही मुख्यतः भाजीतल्या पाण्याच्या याच गुणामुळे.

रेणू वाकणार की सरळ राहणार, हे बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही कागदावर काढता येतं. अकरावीच्या रसायनशास्त्रात हा भाग ‘व्हीएसईपीआर सिद्धांत’ या नावाने येतो. बरीच मुलं त्यातला आकारांचा तक्ता पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खरं तर तक्ता पाठ करायची गरजच नाही. आपण एकेक पायरी घेऊ. सोबत एकच नियम ठेवायचा: मोजताना सगळं मोजायचं, नाव देताना फक्त अणू बघायचे. या विषयातल्या बऱ्याच चुका ही दोन कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

सुरुवातीला थोडी ओळख

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कवचांत असतात. सर्वांत बाहेरच्या कवचाला संयुजा कवच म्हणतात. दुसऱ्या अणूशी जो काही व्यवहार होतो, तो या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा.

दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी वाटून घेतात तेव्हा त्यांच्यात बंध तयार होतो, हा विचार अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडला. अशी वाटून घेतलेली जोडी म्हणजे बंध-जोडी. जी जोडी कोणाशीच वाटली जात नाही, एकाच अणूपाशी राहते, ती एकाकी जोडी. आकृतीत ती बंधाच्या रेषेसारखी ठसठशीत दिसत नाही, बहुधा दोन ठिपक्यांवर तिची बोळवण होते. पण आकार ठरवण्यात तिचा वाटा मोठा असतो.

१९४० साली इंग्लंडमध्ये सिजविक आणि पॉवेल यांनी दाखवून दिलं की रेणूचा आकार मधल्या अणूभोवती एकूण किती जोड्या आहेत यावर अवलंबून असतो. १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी त्याला नीट नियमांचं रूप दिलं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: मधल्या अणूच्या संयुजा कवचातल्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात.

त्या लांब का राहतात? इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतात, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात, हे एक कारण. त्याहून मोठं कारण भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांच्या तत्त्वात आहे. इलेक्ट्रॉनला ‘फिरकी’ नावाचा एक गुणधर्म असतो आणि ती दोनच प्रकारची असते. एकाच फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत. त्यामुळे विरुद्ध फिरकीच्या दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमते, आणि अशी प्रत्येक जोडी दुसरीला आपल्या जागेत येऊ देत नाही.

पायरी पहिली: मधला अणू ठरवा

बहुतेक वेळा सूत्रात ज्याचा एकच अणू आहे, तो मधला. पाण्यात ऑक्सिजन, अमोनियात नायट्रोजन, मिथेनमध्ये कार्बन.

हायड्रोजनला मधे बसवू नका. त्याला एकच बंध करता येतो, त्यामुळे तो नेहमी कडेला असतो. बाकीच्यांत शंका आली, तर इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद ज्याची कमी, तो मधे घ्या. फ्लुओरीनची ओढ सर्वांत जास्त, म्हणून तोही कडेलाच राहतो.

पायरी दुसरी: बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजा

फक्त मधल्या अणूचे नव्हे, रेणूतल्या सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन मोजायचे. हायड्रोजनचा १, बोरॉनचे ३, कार्बनचे ४, नायट्रोजन आणि फॉस्फरसचे ५, ऑक्सिजन आणि गंधकाचे ६, फ्लुओरीन-क्लोरीन-ब्रोमीनचे ७, झेनॉनचे ८. एवढं हाताशी असलं की नेहमीची उदाहरणं सुटतात.

पाणी: ६ अधिक १ अधिक १, एकूण ८. अमोनिया: ५ अधिक ३, एकूण ८. कार्बन डायऑक्साइड: ४ अधिक १२, एकूण १६.

इथली ठरलेली चूक आयनांच्या बाबतीत होते. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. ऋण प्रभार असेल तर इलेक्ट्रॉन मिळवायचे आणि धन प्रभार असेल तर वजा करायचे. चिन्ह बघून हात आपोआप उलटं करू जातो, कारण ‘ऋण’ म्हटलं की वजाबाकी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे, तो जास्तीचा आला म्हणूनच आयन ऋण झाला, हे एकदा ध्यानात घेतलं की गोंधळ होत नाही.

पायरी तिसरी: इलेक्ट्रॉनांची वाटणी करा

आधी मधला अणू आणि कडेचा प्रत्येक अणू यांच्यात एकेक बंध काढा. प्रत्येक बंधाचे दोन इलेक्ट्रॉन एकूण आकड्यातून वजा करा.

मग कडेच्या प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करा. याला अष्टक म्हणतात. हायड्रोजनचं समाधान मात्र दोनातच होतं, म्हणजे बंधाच्या एका जोडीत. एवढं करून जे इलेक्ट्रॉन उरतील, ते सगळे मधल्या अणूवर ठेवा.

पाण्यात ८ पैकी ४ दोन बंधांत गेले. हायड्रोजनला आणखी काही नको. उरलेले ४ ऑक्सिजनवर, म्हणजे दोन एकाकी जोड्या. अमोनियात ८ पैकी ६ बंधांत गेले आणि २ उरले, म्हणजे नायट्रोजनवर एक एकाकी जोडी.

कार्बन डायऑक्साइडमध्ये ४ बंधांत आणि १२ दोन ऑक्सिजनांची अष्टकं भरण्यात संपले. कार्बनसाठी काहीच उरलं नाही आणि त्याच्याभोवती चारच इलेक्ट्रॉन आहेत. अशा वेळी प्रत्येक ऑक्सिजनची एक एकाकी जोडी बंधात ओढून घ्या. दोन्ही बंध दुहेरी होतात आणि कार्बनचे आठ पुरे होतात. बोरॉन मात्र सहा इलेक्ट्रॉनांवरही भागवतो, त्याचं अष्टक जबरदस्तीने भरायला जाऊ नका.

सर्वांत जास्त चूक होते ती या पायरीवर. घाईघाईत बंध काढले जातात आणि उरलेले इलेक्ट्रॉन मधल्या अणूवर ठेवायचे राहून जातात. मग पाण्याचा रेणू कागदावर सरळ दिसतो आणि पुढचं सगळं चुकतं. म्हणून वाटणी झाली की रेषा आणि ठिपके मिळून इलेक्ट्रॉन पुन्हा मोजा. दुसऱ्या पायरीतला आकडा यायलाच हवा.

पायरी चौथी: गट मोजा

आता फक्त मधल्या अणूकडे बघा. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांचे किती गट आहेत? एकेरी बंध हा एक गट. दुहेरी बंधही एकच गट आणि तिहेरी बंधही एकच. एक एकाकी जोडी हाही एक गट.

दुहेरी बंधात दोन जोड्या असताना तो एकच गट कसा? कारण त्या दोन्ही जोड्या त्याच दोन अणूंच्या मधे, एकाच दिशेला असतात. आपल्याला मोजायच्या आहेत त्या दिशा.

कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनभोवती दोन गट. पाण्यात ऑक्सिजनभोवती चार: दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या. अमोनियातही चार: तीन बंध आणि एक एकाकी जोडी. मिथेनमध्ये चारही बंधच. कडेच्या अणूंवरच्या एकाकी जोड्या इथे मोजायच्या नाहीत.

पायरी पाचवी: गटांची मांडणी करा

दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब कसे जातील? समोरासमोर, १८० अंशांवर. तीन गट? एकाच पातळीत, त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांकडे, १२० अंशांवर. बोरॉन ट्रायफ्लुओराइड हे याचं स्वच्छ उदाहरण.

चार गटांपाशी कागद फसवतो. कागदावर आपण कार्बन काढतो आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार रेषा मारतो. कोन ९० अंशांचा दिसतो. पण रेणूला लांबी-रुंदीबरोबर खोलीही असते.

घरात कणकेची एक गोळी आणि चार टूथपिक घ्या. चारही काड्या अशा खोचा की त्यांची टोकं एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहतील. आधी सगळ्या एका पातळीत अधिकच्या चिन्हासारख्या खोचून बघा. गोळीच्या वर आणि खाली बरीच जागा मोकळी पडलेली दिसेल. काड्या त्या जागेत सरकवत गेलात की शेवटी तीन काड्यांवर गोळी उभी राहते आणि चौथी काडी सरळ वर जाते. कोणत्याही तीन काड्यांवर उभी करा, ठेवण तीच राहते. कोणत्याही दोन काड्यांमधला कोन १०९.५ अंश. या मांडणीला चतुष्फलक म्हणतात, कारण टोकं जोडली तर चार त्रिकोणी बाजू असलेली आकृती मिळते.

कार्बनचे चार बंध असे रचलेले असावेत हे डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ आणि फ्रेंच शास्त्रज्ञ ल बेल यांनी १८७४ साली स्वतंत्रपणे सुचवलं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. असं का, हे पुढे इलेक्ट्रॉन-जोड्यांनी सांगितलं.

पाच गट असतील तर तीन गट मधल्या पातळीत १२० अंशांवर आणि उरलेले दोन एक वर, एक खाली. सहा गट असतील तर चार मधल्या पातळीत चौकोनाच्या कोपऱ्यांकडे आणि वर-खाली एकेक. इथे शेजारच्या कोणत्याही दोन गटांतला कोन ९० अंश. पाचाचं उदाहरण फॉस्फरस पेंटाक्लोराइड वायू, सहाचं सल्फर हेक्साफ्लुओराइड.

पायरी सहावी: आता आकाराला नाव द्या

सुरुवातीच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग आता लागू करायचा. मांडणी सगळ्या गटांची केली, पण नाव देताना एकाकी जोड्या झाकून टाकायच्या आणि अणू कुठे आहेत तेवढंच बघायचं.

मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांतही चार गट आहेत, म्हणून तिघांची मांडणी चतुष्फलकीच आहे. मिथेनमध्ये चारही टोकांना अणू आहेत, तेव्हा आकारही चतुष्फलक. अमोनियात एका टोकाला एकाकी जोडी आहे. ती झाकली की खाली तीन हायड्रोजन आणि वर नायट्रोजन अशी बुटकी, त्रिकोणी तळाची पिरॅमिड उरते. पाण्यात दोन टोकं झाकायची. उरतो वाकलेला रेणू.

‘पाण्याचा आकार चतुष्फलक’ असं उत्तर लिहिलं तर ते चूक, कारण ती झाली गटांची मांडणी. ‘पाण्यात दोनच बंध आहेत, म्हणून सरळ’ हेही चूक, कारण एकाकी जोड्या मोजल्याच नाहीत. पहिल्या चुकीत नाव देताना जास्तीचं बघितलं, दुसरीत मोजताना कमी मोजलं.

पायरी सातवी: कोन थोडा दुरुस्त करा

मोजलेले कोन असे आहेत: मिथेनमध्ये १०९.५ अंश, अमोनियात सुमारे १०७, पाण्यात १०४.५. मांडणी एकच असताना कोन उतरत का गेला?

बंध-जोडीला दोन्हीकडून दोन केंद्रकं ओढून धरतात, त्यामुळे ती लांबट आणि अरुंद राहते. एकाकी जोडीवर एकाच केंद्रकाची ओढ असते, म्हणून ती मधल्या अणूच्या अंगाशी पसरते. लोकलच्या बाकावर एखादा ऐसपैस बसला की बाकीच्यांना अंग चोरून बसावं लागतं, तशी शेजारच्या बंध-जोड्यांची गत होते. एक एकाकी जोडी असली की कोन थोडा मिटतो, दोन असल्या की आणखी.

दुहेरी बंधही एकेरीपेक्षा जाड असतो, त्याचा दाबही थोडा जास्त. फॉर्माल्डिहाइडमध्ये कार्बनभोवती तीन गट आहेत, पण दोन हायड्रोजनांमधला कोन १२० ऐवजी ११६-११७ अंशांच्या आसपास भरतो. ऑक्सिजनकडचा दुहेरी बंध त्यांना रेटतो.

कोनाचा नेमका आकडा या पद्धतीने काढता येत नाही. ‘१०९.५ पेक्षा थोडा कमी’ इथपर्यंत ती नेते. त्यापुढचा आकडा प्रयोगातून येतो.

पाच आणि सहा गट: एकाकी जोडी बसणार कुठे?

चार गटांत सगळी टोकं सारखी होती, म्हणून एकाकी जोडी कुठे ठेवायची हा प्रश्न आला नाही. पाच गटांत तो येतो. वरच्या किंवा खालच्या टोकाला ९० अंशांवर तीन शेजारी आहेत. मधल्या पातळीतल्या टोकाला ९० अंशांवर दोनच, बाकीचे दोन लांब, १२० अंशांवर. पसरून बसणारी जोडी जिथे दाटी कमी तिथे जाते. म्हणून पाच गटांत एकाकी जोड्या आधी मधल्या पातळीत ठेवायच्या.

सल्फर टेट्राफ्लुओराइडमध्ये अशी एक जोडी आहे, आकार सी-सॉच्या फळीसारखा होतो. क्लोरीन ट्रायफ्लुओराइडमध्ये दोन आहेत, आणि उरलेले तीन फ्लुओरीन इंग्रजी टी अक्षर काढतात. त्याचा कोन ९० ऐवजी ८७.५ अंश आहे, म्हणजे टीचे हात एकाकी जोड्यांपासून लांब, दांडीकडे जरा झुकलेले. झेनॉन डायफ्लुओराइडमध्ये तिन्ही मधल्या जागा एकाकी जोड्यांनी अडवल्या आहेत, त्यामुळे दोन फ्लुओरीन वर-खाली जातात आणि रेणू सरळ होतो. म्हणजे एकाकी जोडी असली की रेणू वाकणारच, असं धरून चालू नका.

सहा गटांत पहिली एकाकी जोडी कुठेही ठेवा, सगळ्या जागा सारख्याच. दुसरी मात्र पहिलीच्या बरोबर समोर. झेनॉन टेट्राफ्लुओराइड घ्या. एकूण इलेक्ट्रॉन ८ अधिक २८, म्हणजे ३६. चार बंधांत ८ गेले, फ्लुओरीनांवर २४, उरले ४. दोन एकाकी जोड्या समोरासमोर, एक वर आणि एक खाली. मधे उरलेले चार फ्लुओरीन सपाट चौकोन करतात. झेनॉन कोणाशीच संयोग पावत नाही असं १९६२ पर्यंत मानलं जात होतं. त्या वर्षी नील बार्टलेट यांनी कॅनडात त्याचं पहिलं संयुग बनवलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत हे टेट्राफ्लुओराइडही तयार झालं. मोजमाप केल्यावर ते सपाट चौकोनीच निघालं. १९५७ साली लिहिलेले नियम तेव्हा हातात नसलेल्या रेणूलाही लागू पडले.

पायरी आठवी: आकारावरून पुढे काय कळतं?

ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना कार्बनपेक्षा जास्त ओढतो, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा प्रत्येक बंध ध्रुवीय आहे, म्हणजे त्याचं एक टोक किंचित ऋण आणि दुसरं किंचित धन. पण दोन्ही ओढी नेमक्या विरुद्ध दिशांना आहेत, त्या एकमेकींना रद्द करतात. पूर्ण रेणू ध्रुवीय ठरत नाही. पाण्यात मात्र दोन्ही ओढी ऑक्सिजनच्या एकाच अंगाला झुकतात आणि त्यांची बेरीज होते.

त्यामुळे ‘बंध ध्रुवीय, म्हणजे रेणूही ध्रुवीय’ असं लगेच म्हणू नका. बोरॉन ट्रायफ्लुओराइडचे तिन्ही बंध चांगलेच ध्रुवीय आहेत, तरी सपाट त्रिकोणात त्यांची ओढ शून्यावर येते. अमोनिया पिरॅमिड आहे, तिथे ती शून्यावर येत नाही.

हा नियम कुठे थांबतो?

हायड्रोजन सल्फाइडचा हिशेब हुबेहूब पाण्यासारखा होतो. तो रेणू वाकलेला असतोही, पण कोन ९२ अंशांच्या जवळ आहे. गंधकाचा अणू ऑक्सिजनपेक्षा मोठा, त्यामुळे बंध-जोड्या एकमेकींपासून आधीच लांब असतात आणि ढकलाढकल कमी होते. म्हणजे आकार बरोबर सांगितला जातो, पण कोन इतका उतरेल असं वाटत नाही.

प्लॅटिनम, निकेल, तांबं अशा धातूंच्या संयुगांना मात्र हा हिशेब लावू नका. त्यांच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही आकारात हस्तक्षेप करतात आणि त्यांच्यासाठी वेगळे सिद्धांत आहेत. कार्बन, नायट्रोजन, गंधक, क्लोरीन अशा मूलद्रव्यांच्या छोट्या रेणूंमध्ये मात्र ही पद्धत भरवशाची आहे.

आता आपण करून बघा

तीन उदाहरणं देतो. अमोनियम आयन, म्हणजे एक नायट्रोजन, चार हायड्रोजन आणि एक धन प्रभार. नायट्राइट आयन, म्हणजे एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन आणि एक ऋण प्रभार. तिसरं ब्रोमीन पेंटाफ्लुओराइड. पुढचा परिच्छेद झाकून ठेवा आणि पहिल्या पायरीपासून लिहीत या.

अमोनियमचे इलेक्ट्रॉन ८, सगळे चार बंधांत संपतात. एकाकी जोडी नाही, आकार चतुष्फलक. नायट्राइटचे १८. नायट्रोजनवर एक एकाकी जोडी उरते, गट तीन, आकार वाकलेला, कोन १२० पेक्षा थोडा कमी. ब्रोमीन पेंटाफ्लुओराइडचे ४२. गट सहा, त्यांतला एक एकाकी जोडीचा, आकार चौकोनी तळाची पिरॅमिड. उत्तर जुळलं नाही तर मागे जाऊन आधी प्रभाराचं चिन्ह तपासा, मग मधल्या अणूवर उरलेले इलेक्ट्रॉन. चूक बहुतेक या दोनपैकी एका जागी सापडेल.